फिरते ऋणाग्र : तांब्याचा वर्ख, स्वयंचलन आणि श्रमाची प्रतिष्ठा

मोबाईल फोन, संगणक किंवा विजेवर चालणारी दुचाकी यांपैकी कोणतीही वस्तू उघडून पाहिली, तर आत बहुधा हिरव्या रंगाची एक ताठ पट्टी दिसते. तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघांचे जाळे असते. त्याच वस्तूतील लिथियम-आयन बॅटरीत ग्रॅफाइटचा थर ज्या आधारावर चढवलेला असतो, तोही तांब्याचाच असतो. हे तांबे पत्र्याच्या नव्हे, तर वर्खाच्या रूपात असते. मनुष्याच्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रोमीटर जाड असतो. पट्टीवरील तांबे साधारण ३५ किंवा १८ मायक्रोमीटर जाड असते, तर बॅटरीतील वर्ख अवघा सहा ते दहा मायक्रोमीटरांचा असतो.

मिठाईवरचा चांदीचा वर्ख कुटून करतात, हे आपणांस ठाऊक आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत हातोडीच्या ठोक्यांनी तांब्याला आकार देणारी कारागिरांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु ज्या वर्खाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत, तो बहुतांशी कुटलेला नसतो. तो मोरचुदाच्या द्रावणात अर्धवट बुडालेल्या व संथपणे फिरणाऱ्या एका मोठ्या ड्रमवर विजेच्या साहाय्याने अणू-अणूने वाढवलेला असतो. हा ड्रम म्हणजेच फिरते ऋणाग्र होय.

या लेखात आम्ही प्रथम या यंत्रामागील विज्ञान सांगू, मग त्याचे स्वयंचलन कसे होते ते पाहू आणि शेवटी अशा यंत्रांपाशी उभ्या असलेल्या माणसाचा विचार करू. दहावीपर्यंतचे विज्ञान शिकलेल्या कोणाही वाचकास हा धडा समजावा, असा आमचा प्रयत्न आहे.

विजेने धातू कसा निघतो

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणासाठी जे निळे खडे वापरतात, तेच हे रसायन. ते पाण्यात विरघळले की तांब्याचे धनभारित आयन आणि सल्फेटचे ऋणभारित आयन वेगळे होतात. या द्रावणात दोन धातूच्या पट्ट्या बुडवून त्यांस विजेचा एकदिश प्रवाह जोडला की तांब्याचे आयन ऋण टोकाकडे, म्हणजे ऋणाग्राकडे जातात. तेथे प्रत्येक आयनाला दोन इलेक्ट्रॉन मिळतात आणि तो तांब्याचा अणू होऊन पृष्ठभागावर बसतो. या क्रियेस विद्युत अपघटन म्हणतात.

दुसऱ्या टोकाला, म्हणजे धनाग्रावर काय घडते, हे धनाग्र कशाचे आहे यावर ठरते. ते अशुद्ध तांब्याचे असेल, तर त्यातील तांबे विरघळून द्रावणात येते आणि शुद्ध रूपात ऋणाग्रावर बसते. यास शुद्धीकरण म्हणतात. सोने, चांदी यांसारखे धातू विरघळत नाहीत. ते गाळाच्या रूपाने तळाशी बसतात आणि कारखान्याला त्या गाळाचेही मोल मिळते. याउलट धनाग्र शिशासारख्या न विरघळणाऱ्या पदार्थाचे असेल, तर तेथे पाण्याचे विघटन होऊन ऑक्सिजनचे बुडबुडे निघतात आणि द्रावणातील आम्ल वाढत जाते. खनिजापासून तयार केलेल्या द्रावणातून थेट तांबे काढण्याची पद्धत ही अशी आहे.

इतकी शुद्धता कशासाठी, असा प्रश्न पडेल. आर्सेनिक किंवा फॉस्फरस यांचा अल्प अंशही तांब्याची वीज वाहून नेण्याची क्षमता लक्षणीयरीत्या कमी करतो. म्हणून तार ओढण्यासाठी ९९.९९ टक्के शुद्धतेचे तांबे लागते आणि ते विद्युत अपघटनानेच मोठ्या प्रमाणावर मिळते. आपल्या रायगड जिल्ह्यातील तळोजा येथे हिंदुस्तान कॉपर या सार्वजनिक कंपनीचा जो प्रकल्प आहे, तो अशाच शुद्ध तांब्याच्या पत्र्यांपासून तारेसाठी लागणारे अखंड गज ओतण्यासाठी उभारलेला आहे.

फॅरडेचा हिशेब

या शास्त्राचा पाया मायकेल फॅरडे यांनी घातला. १७९१ साली जन्मलेले फॅरडे हे एका लोहाराचे पुत्र. शालेय शिक्षण नाममात्र झालेले. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत असताना बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचून त्यांनी विज्ञान आत्मसात केले. १८३४ साली त्यांनी विद्युत अपघटनाचे नियम प्रसिद्ध केले आणि विद्वान मित्र विल्यम ह्यूएल यांच्या सल्ल्याने ‘ॲनोड’, ‘कॅथोड’, ‘आयन’ हे शब्द रूढ केले. एका लोहाराच्या मुलाने जगाच्या विज्ञानाला शब्द दिले, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

फॅरडे यांचा नियम साधा आहे. ऋणाग्रावर बसणारा धातू हा द्रावणातून गेलेल्या विजेच्या राशीशी समप्रमाणात असतो. एक अँपिअरचा प्रवाह एक तास वाहिला, तर १.१८६ ग्रॅम तांबे बसते. चांदीच्या आयनाला एकच इलेक्ट्रॉन लागतो आणि तिचा अणू जड असतो, म्हणून तेवढ्याच विजेत ४.०२५ ग्रॅम चांदी बसते.

या नियमामुळे कारखानदारीत एक अनमोल सोय झाली. भट्टीत किती धातू निघेल, हे खनिजाच्या प्रतीवर आणि कारागिराच्या हातावर अवलंबून असते. येथे मात्र विद्युतप्रवाह मोजला की धातू मोजल्यासारखाच होतो. विजेचा कोणताही अंश इतर क्रियांत वाया जात नसेल, तर घड्याळ आणि अँमीटर या दोन साधनांवर वजनाचा हिशेब ठेवता येतो. स्वयंचलनाचे बीज या हिशेबातच आहे.

स्थिर ऋणाग्राची मर्यादा

एलकिंग्टन यांनी १८६५ साली तांब्याच्या विद्युत शुद्धीकरणाचे पेटंट घेतले आणि पुढे वेल्समधील पेम्ब्रे येथे त्याचा कारखाना उभा राहिला. तेव्हापासून आजपर्यंत बहुतेक कारखान्यांत ऋणाग्रे म्हणजे टाकीत टांगलेले स्थिर पत्रेच असतात. त्यांवर दर चौरस मीटरला सुमारे ३०० अँपिअर इतकाच प्रवाह दिला जातो आणि तांब्याचा जाड थर बसण्यास कित्येक दिवस लागतात. प्रवाह वाढवून काम लवकर का उरकत नाहीत?

त्याचे कारण ऋणाग्राला लगटून असलेल्या द्रवाच्या पातळ थरात आहे. ऋणाग्रावर तांबे बसते, तसतसे त्याच्या अगदी जवळच्या द्रावणातील तांब्याचे आयन कमी होतात. नवे आयन दूरच्या द्रावणातून यावे लागतात. शेवटचे थोडे अंतर त्यांना जवळजवळ स्थिर असलेल्या द्रवातून केवळ विसरणाने, म्हणजे जणू रांगत, ओलांडावे लागते. नेर्न्स्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०४ साली या विसरण-थराची कल्पना मांडली. द्रावण ढवळले नाही, तर हा थर मिलिमीटरच्या काही दशांशांइतका जाड असतो.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. लिटरमागे सुमारे ४५ ग्रॅम तांबे असलेले द्रावण आणि ०.२ मिलिमीटर जाडीचा विसरण-थर घेतला, तर दर चौरस मीटरला साधारण ४७० अँपिअरहून अधिक प्रवाह तांबे बसवण्यासाठी वापरलाच जाऊ शकत नाही, कारण तेवढे आयन पोहोचतच नाहीत. त्याहून अधिक प्रवाह रेटला, तर पाण्यातील हायड्रोजन निघू लागतो आणि तांबे गुळगुळीत न बसता काळपट भुकटीसारखे बसते. या मर्यादेच्या जवळ गेले, तरी पृष्ठभागावर गाठी व काटे उगवू लागतात आणि एखादा काटा धनाग्राला टेकला की टाकीत शॉर्टसर्किट होते. म्हणून कारखाने मर्यादेपासून बरेच अलीकडे राहतात.

परंतु हा थर ०.०२ मिलिमीटर इतका पातळ करता आला, तर तीच मर्यादा दहापट होऊन ४,७०० अँपिअरवर जाते. सारा प्रश्न तो थर पातळ कसा करावा एवढाच उरतो.

ऋणाग्र का फिरवतात

ऋणाग्र फिरवण्याची दोन भिन्न कारणे आहेत आणि त्यांची गल्लत होऊ नये.

पहिले कारण ढवळण्याचे. ऋणाग्र वेगाने फिरले की त्याला चिकटलेला स्थिर द्रव घासला जाऊन विसरण-थर पातळ होतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ लेविच यांनी १९४० च्या दशकात फिरत्या चकतीसाठी हे गणिताने सिद्ध केले. तेथे मर्यादित प्रवाह हा फिरण्याच्या वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग चौपट केला तर प्रवाह दुप्पट. दंडगोलाभोवती द्रवात भोवरे माजतात, त्यामुळे तेथे वाढ याहून जरा अधिक असते. मात्र व्यवहारातील लोक या गणिताच्या आधीच तेथवर पोहोचले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये एल्मोर पद्धतीत फिरत्या दांड्यावर तांबे बसवत आणि बसत असतानाच त्यावर अकीकाचा दगड घासत ठेवून थर घट्ट व गुळगुळीत करीत. पुढे काउपर-कोल्स या अभियंत्याने दांडा अधिक वेगाने फिरवून, द्रवाच्या घर्षणानेच हे काम साधले आणि तांब्याच्या नळ्या व पत्रे काढले.

याच तत्त्वाचे एक उपकरण आपल्याकडील मोठ्या रुग्णालयांच्या क्ष-किरण विभागांत आणि चित्रपटांच्या प्रयोगशाळांत उपयोगी पडत आले. फिल्म धुताना तिच्यावरील न वापरलेली चांदी हायपोच्या द्रावणात उतरते. त्या द्रावणात स्टेनलेस स्टीलचा दंडगोल फिरवून त्यावर चांदी बसवतात आणि मग खरवडून घेतात. येथे आयन मुळातच थोडे असतात, म्हणून फिरवण्यावाचून गत्यंतर नसते.

दुसरे कारण अखंडतेचे. टांगलेला पत्रा भरला की काम थांबवावे लागते, पत्रा उचलावा लागतो, धातू सोलावा लागतो. ड्रमचा मात्र एक भाग नेहमी द्रावणात असतो आणि एक भाग नेहमी बाहेर. एका बाजूने कोरा पृष्ठभाग आत जातो, दुसऱ्या बाजूने वर्ख घेऊन बाहेर येतो, वर्ख सोलला जातो आणि रिळावर गुंडाळला जातो. हे चक्र दिवसरात्र चालू राहते. येथे ड्रम इतका संथ फिरतो की त्याच्या फिरण्याने फारसे ढवळणे होत नाही. ते काम ड्रम व धनाग्र यांमधील अरुंद फटीतून जोराने पंप केलेले गरम द्रावण करते.

ड्रमवरचा वर्ख

आता प्रत्यक्ष यंत्र पाहू. ड्रमचा पृष्ठभाग टायटॅनियमचा असतो. टायटॅनियमवर स्वतःच्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर असल्यामुळे तांबे त्याला कायमचे चिकटत नाही आणि वर्ख अलगद सुटतो. ड्रमचा खालचा अर्धा भाग वाटीसारख्या वाकवलेल्या धनाग्रात बसतो. द्रावणात लिटरमागे साधारण ८० ते १०० ग्रॅम तांबे व बरेचसे गंधकाम्ल असते आणि ते ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेले असते.

हिशेबासाठी दोन मीटर व्यासाचा व एक मीटर रुंदीचा ड्रम घेऊ. त्याच्या अर्ध्या परिघाची लांबी ३.१४ मीटर, म्हणून बुडालेला पृष्ठभाग ३.१४ चौरस मीटर. दर चौरस मीटरला ५,००० अँपिअर धरले, तर एकूण प्रवाह १५,७०० अँपिअर होतो. फॅरडेच्या नियमाने तासाला सुमारे १८.६ किलोग्रॅम तांबे बसेल. प्रत्येक सेकंदाला जाडी ०.१८ मायक्रोमीटरने वाढेल. म्हणून ३५ मायक्रोमीटर जाडी येण्यास सुमारे १९० सेकंद लागतील. तेवढ्या वेळात ड्रमच्या पृष्ठभागावरील बिंदूने ३.१४ मीटर जायचे आहे, म्हणजे वेग मिनिटाला जवळपास एक मीटर. दहा मायक्रोमीटरचा वर्ख हवा असेल, तर बिंदूने अवघे ५४ सेकंद द्रावणात राहायचे, म्हणजे वेग मिनिटाला जवळजवळ साडेतीन मीटर.

यातून एक सुंदर गोष्ट स्पष्ट होते. वर्खाची जाडी ठरवणारे रूळ नाहीत, हातोडी नाही, साचा नाही. विद्युतप्रवाह आणि ड्रमचा वेग या दोन राशींचा भागाकार म्हणजे जाडी. दोन्ही राशी विजेने मोजता येतात आणि विजेनेच बदलता येतात.

स्वयंचलन म्हणजे काय

यंत्र आपोआप चालते म्हणजे ते विचार करते, असे नव्हे. त्याचे काम तीन पायऱ्यांचे असते. मोजणे, हवी ती किंमत व मोजलेली किंमत यांतील फरक काढणे आणि तो फरक कमी होईल अशा दिशेने काहीतरी बदलणे. हे तीन टप्पे पुन:पुन्हा केले जातात. कारखान्यात हे काम प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजेच पीएलसी, नावाचा छोटा संगणक करतो.

वर्खाच्या यंत्रात अशी अनेक चक्रे एकाच वेळी चालतात. रेक्टिफायर प्रवाह स्थिर ठेवतो. मोटार ड्रमचा वेग राखते. वर्खाचे तुकडे कापून वजन केले जाते. ३५ मायक्रोमीटर जाडीचा वर्ख चौरस मीटरला सुमारे ३०० ग्रॅम भरला पाहिजे. कमी भरला तर वेग किंचित कमी करावयाचा. रिळावरील ताणही मोजला जातो. ताण अधिक झाला तर वर्ख फाटतो, कमी झाला तर सुरकुत्या पडतात. द्रावणात सरसासारखी द्रव्ये व क्लोराइड अत्यल्प प्रमाणात घालावी लागतात, कारण त्यांच्यामुळेच तांब्याचे कण बारीक व सारखे बसतात. त्यांची मात्राही मोजूनमापून सोडावी लागते.

सर्वांत विचार करायला लावणारे चक्र तांब्याच्या समतोलाचे आहे. या यंत्राचे धनाग्र विरघळत नाही, म्हणून द्रावणातील तांबे घटते आणि आम्ल वाढते. ते द्रावण दुसऱ्या टाकीकडे पाठवतात. तेथे तांब्याच्या तारांची शुद्ध मोड भरलेली असते आणि खालून हवा सोडलेली असते. हवेतील ऑक्सिजन व वाढलेले आम्ल यांच्या योगाने तांबे विरघळते, आम्ल खर्च होते आणि द्रावण पूर्ववत होऊन ड्रमकडे परतते. आपल्या उदाहरणात तासाला १८.६ किलोग्रॅम तांबे ड्रमवर बसते, म्हणून तासाला नेमके तेवढेच विरघळले पाहिजे.

येथे एक अडचण येते. विरघळण्याच्या टाकीत केलेला बदल ड्रमपाशी दिसून येण्यास वेळ लागतो. तांबे कमी झाले असे पाहून नियंत्रकाने हवा एकदम वाढवली आणि परिणाम दिसेना म्हणून आणखी वाढवली, तर काही वेळाने तांबे हव्या त्या पातळीच्या पुष्कळ वर जाते. मग तो घाबरून हवा बंद करतो आणि तांबे पुष्कळ खाली येते. हा झोका कधी थांबत नाही. चांगला नियंत्रक फरकाच्या प्रमाणात बदल करतो, आधी केलेल्या बदलाचा परिणाम दिसण्याची वाट पाहतो आणि फरक कोणत्या दिशेने सरकत आहे याकडे लक्ष ठेवतो.

चांदीच्या उपकरणातही हाच धडा आहे. हायपोच्या द्रावणातील चांदी कमी होत जाते, तसा प्रवाहही कमी करत न्यावा लागतो. सुरुवातीचा प्रवाह शेवटपर्यंत तसाच ठेवला, तर चांदीऐवजी हायपोचेच विघटन होते, चांदीच्या सल्फाइडचा काळा गाळ पडतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. म्हणून अशा उपकरणात प्रवाह उतरवत नेणारी व वेळेवर तो बंद करणारी यंत्रणा आवश्यक असते.

अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी दिलेला सोनाराचा एक दृष्टांत आम्हांस येथे स्मरतो. सोनार मुशीत सोने ठेवून वेळोवेळी फुंकर घालतो, वेळोवेळी पाणी शिंपडतो आणि वेळोवेळी केवळ पाहत राहतो. त्याने नुसतीच फुंकर घातली तर सोने जळेल, नुसतेच पाणी शिंपडले तर ते थंड होईल, नुसतेच पाहत बसला तर ते नीट शुद्ध होणार नाही. तिन्ही गोष्टी योग्य वेळी केल्या तरच सोने मऊ, तेजस्वी व कामास योग्य होते. तथागतांनी हा दृष्टांत चित्ताच्या साधनेसाठी सांगितला. त्यात आधुनिक यंत्रशास्त्र शोधण्याचा अट्टहास आम्ही करणार नाही. परंतु सोनाराच्या कामाचे हे निरीक्षण अचूक आहे आणि तिसरी गोष्ट, म्हणजे हात न लावता सावधपणे पाहणे, हीही एक क्रियाच आहे, हे नियंत्रणशास्त्राच्या विद्यार्थ्याला उशिरा उमगणारे सत्य त्यात आहे.

टाकीपाशी उभा असलेला माणूस

आतापर्यंत आम्ही यंत्राविषयी बोललो. आता माणसाविषयी.

जेथे धनाग्रावर ऑक्सिजन निघतो, तेथे प्रत्येक फुटणारा बुडबुडा गंधकाम्लाचे सूक्ष्म तुषार हवेत उडवतो. या तुषारांनी डोळे चुरचुरतात, घसा व श्वासनलिका दुखावतात, आणि वर्षानुवर्षे अशा हवेत काम केलेल्यांच्या दातांची झीज होते. टाकीच्या पृष्ठभागावर प्लॅस्टिकचे गोळे तरंगत ठेवणे, हवा ओढून घेणारे झडप बसवणे हे उपाय उपलब्ध आहेत. पण ते करण्यास खर्च येतो. जुन्या पद्धतीच्या कारखान्यांत कामगार टाक्यांवरून चालत शॉर्टसर्किट शोधीत, जड पत्रे हाताळीत आणि हत्याराने ठोकून धातू सोलून काढीत.

१९७८ साली ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथील तांबे शुद्धीकरण कारखान्यात स्टेनलेस स्टीलची कायमस्वरूपी ऋणाग्रे आणि त्यांवरील तांबे यंत्राने सोलण्याची पद्धत सुरू झाली. पुढे ती जगभर पसरली. आता अनेक ठिकाणी क्रेन आपोआप चालते आणि शॉर्टसर्किट झालेली जागा उष्णता टिपणारा कॅमेरा दाखवतो. फिरत्या ड्रमच्या यंत्रात तर सोलण्याचे स्वतंत्र काम उरतच नाही. आम्लाच्या वाफांपासून माणूस दूर गेला, ही निःसंशय चांगली गोष्ट आहे.

परंतु जेथे आधी अनेक माणसे लागत, तेथे आता थोडी लागतात. ती थोडी माणसे काचेच्या खोलीत पडद्यासमोर बसतात. प्रश्न असा की त्या खोलीत कोण बसतो आणि बाहेर कोण राहतो? आपल्या देशात घाणीचे व धोक्याचे काम कोणाच्या वाट्याला यावे, हे शतकानुशतके जन्मावरून ठरत आले. टाकीपाशी उभे राहणाऱ्यांचे काम यंत्राने घेतले आणि पडद्यासमोरची जागा मात्र त्यांच्या मुलांना मिळाली नाही, तर आम्लातून सुटका झाली, पण उपजीविकाही गेली, असे होईल.

या प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची भूमिका निःसंदिग्ध होती. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस व गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची चिकित्सा करणाऱ्या ग्रंथात त्यांनी यंत्रविरोधी विचारसरणीचा समाचार घेतला. यंत्रामुळे अनिष्ट परिणाम झाले असतील, तर दोष यंत्राचा नसून खासगी मालकी व वैयक्तिक लाभ यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. माणसाला पशूसारखे राबण्यातून मुक्त होऊन सुसंस्कृत जीवनासाठी फुरसत हवी असेल, तर यंत्राला पर्याय नाही, हे त्यांचे म्हणणे होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीजविकासाचा विषयही त्यांच्याकडे होता आणि स्वस्त व मुबलक विजेवाचून औद्योगिकीकरण नाही, औद्योगिकीकरणावाचून दारिद्र्यातून सुटका नाही, ही मांडणी त्यांनी आग्रहाने केली. एक किलोग्रॅम तांबे द्रावणातून काढण्यास सुमारे दोन युनिट वीज लागते, तर एक किलोग्रॅम ॲल्युमिनियमला तेरा ते पंधरा युनिटे लागतात. हे आकडे पाहिले म्हणजे विजेचा प्रश्न हा धातूचा, आणि म्हणून रोजगाराचा, प्रश्न कसा होतो ते ध्यानात येते.

अष्टांगिक मार्गातील सम्यक आजीविकेचा अर्थ केवळ निषिद्ध व्यापार टाळणे एवढाच आम्ही मानत नाही. जे काम करताना करणाऱ्याचे शरीर झिजते आणि नाल्यात सोडलेल्या पाण्याने खालच्या वस्तीचे शरीर झिजते, ते काम सम्यक कसे म्हणावे? तांबेयुक्त सांडपाणी मासळीला व पिकांना घातक असते. फिरते ऋणाग्र हे सांडपाण्यातील तांबे व चांदी परत मिळवण्याचेही साधन आहे, ही त्याची दुसरी आणि आमच्या मते अधिक मोलाची ओळख होय.

शाळेत करता येण्याजोगा प्रयोग

पुढील प्रयोग विज्ञानशिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा. मोरचूद विषारी आहे. हातमोजे व चष्मा वापरावा.

अडीचशे मिलिलिटर पाण्यात पन्नास ग्रॅम मोरचूद विरघळवावे. तांब्याच्या दोन स्वच्छ पट्ट्या घेऊन ऋणाग्राची पट्टी शंभरांश ग्रॅमपर्यंत अचूक तोलावी. दोन विद्युतघट, धारानियंत्रक व अँमीटर जोडून ०.२ अँपिअर प्रवाह एक तास ठेवावा. पट्टी अलगद धुऊन, वाळवून पुन्हा तोलावी. वजन सुमारे ०.२४ ग्रॅमने वाढलेले आढळावे. फॅरडेचा नियम विद्यार्थ्याने स्वतःच्या तराजूत पाहिला, असा त्याचा अर्थ.

दुसऱ्या भागासाठी याच द्रावणातील २५ मिलिलिटर घेऊन पाणी घालून अडीचशे मिलिलिटर करावे व शिक्षकांनी त्यात थोडे सौम्य गंधकाम्ल मिसळावे. ऋणाग्र म्हणून तांब्याचा गोल दांडा घ्यावा आणि त्याचा सुमारे दहा चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग बुडेल असे पाहावे. ०.१ अँपिअर प्रवाह प्रथम दांडा स्थिर ठेवून द्यावा. थोड्या वेळात त्यावर काळपट, बोटाने पुसला जाणारा थर दिसू लागेल. मग दांडा घासून स्वच्छ करावा, छोट्या मोटारीला जोडून फिरवावा आणि तांब्याच्या तारांचा झुपका त्यावर टेकवून वीज पोहोचवावी. प्रवाह तोच, द्रावण तेच, पण थर आता तांबूस व घट्ट बसतो. विसरण-थर डोळ्यांना दिसत नाही, परंतु त्याचा परिणाम असा दिसतो.

उरलेले द्रावण मोरीत ओतू नये. त्यात लोखंडी खिळे टाकून ठेवावेत. तांबे खिळ्यांवर उतरते आणि निळा रंग फिका होत जातो. प्रयोगाचा हा शेवटचा भाग पहिल्या दोन भागांइतकाच महत्त्वाचा आहे.

समारोप

या क्षेत्रात जाण्याचे मार्ग आपल्या मुलामुलींसाठी खुले आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत रासायनिक कारखान्यातील उपकरण-यांत्रिकी व अटेंडंट ऑपरेटर हे अभ्यासक्रम आहेत. तमिळनाडूतील कारैकुडी येथे १९४८ साली पायाभरणी झालेली केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था आहे आणि तेथे अभियांत्रिकीचे पदवी शिक्षणही मिळते. मुंबईत माटुंग्याची रासायनिक तंत्रज्ञान संस्था आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांनी कारखान्यांत, वीजमंडळांत, प्रयोगशाळांत वर्षे काढली आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस वसतिगृहातील मुलांसाठी द्यावा, पीएलसी म्हणजे काय, झडप कसे उघडते, मापकावर विश्वास कधी ठेवावा व कधी ठेवू नये, हे हाताने दाखवावे, अशी आमची नम्र विनंती आहे. पालकांनीही मुलगी कारखान्यात जाते म्हणून कचरू नये. पडद्यासमोरच्या खुर्चीला बाहुबळ लागत नाही, समज लागते.

यंत्राला कोणता आकडा राखायचा हे माणूस सांगतो. वर्खाची जाडी किती असावी हा जसा एक आकडा आहे, तसा कामगाराच्या श्वासात आम्ल किती असावे आणि नाल्यात तांबे किती जावे, हेही आकडेच आहेत. पहिला आकडा बाजार ठरवतो. उरलेले दोन ठरवण्यासाठी आणि ते पाळले जातात की नाही हे मोजण्यासाठी, ज्यांनी टाकीपाशी उभे राहिलेले आईबाप पाहिले आहेत अशा शिकलेल्या माणसांची त्या खोलीत गरज आहे.